टोळांनी खाल्लेली वर्षं आणि झाकून ठेवलेलं मशीन

ताई, प्रभूमध्ये सलाम.

तुमचं चार पानी पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही परवानगी दिलीत म्हणून नाव-गाव वगळून हे उत्तर सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. 34 वर्षं पुण्यात पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू म्हणून काम केलं. नाना पेठेतल्या खोल्यांपासून वडगाव शेरीच्या सोसायट्यांपर्यंत किती घरांत हाच प्रश्न ऐकला, त्याची गणती नाही. बहुतेकांनी तो हळू आवाजात विचारला, तुम्ही लिहून पाठवलात.

वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. एप्रिल 2021 मध्ये तुमचे यजमान कोविडने गेले. 11 दिवस चर्चची अख्खी मंडळी फोनवरून साखळी प्रार्थना करत होती. अंत्यविधीला तुम्हाला जाता आलं नाही. क्वार्टर गेटजवळचं त्यांचं शिवणाचं दुकान भाडं थकल्यामुळे सोडावं लागलं. त्यांचं मशीन घरी आणलंत आणि त्यावर जुनी चादर टाकून ठेवलीत, ती आजतागायत काढलेली नाही. मंडळीतले लोक भेटले की बायबलमधल्या योएल संदेष्ट्याचं वचन सांगतात, टोळांनी खाल्लेली वर्षं देव भरून देईल. एकाने तर ‘विश्वास कुठेतरी कमी पडला असेल’ असंही सुनावलं. मुलगा 19 वर्षांचा, वर्षभर उपासनेला आलेला नाही. आणि तुम्ही विचारता, ‘देव विश्वासू आहे असं मी कशाच्या जोरावर म्हणू? आणि भरून देणार म्हणजे नक्की काय देणार?’

आधी त्या विश्वास कमी पडल्याच्या बोलण्याचा निकाल लावतो, कारण ते काट्यासारखं आत राहिलं तर बाकीचं काही पोटात जाणार नाही. तुमचा विश्वास कमी पडला म्हणून तुमचे यजमान गेले नाहीत. क्रुसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू येशूने स्वतः प्रार्थना केली, हा प्याला माझ्यापासून टळो. प्याला टळला नाही. त्याचाही विश्वास कमी पडला असं म्हणायची हिंमत कुणी करणार आहे का? बायबलमधल्या ईयोबाने मुलं, गुरंढोरं सगळं गमावलं, तेव्हा त्याच्या तीन मित्रांनीही हेच केलं होतं. आधी सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढं त्यांनी चांगलं केलं. मग तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार हे पटवत राहिले. शेवटी देव त्यांच्यातल्या अलीफजला काय म्हणतो ते 42व्या अध्यायात वाचा. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तुम्ही बोलला नाहीत. म्हणजे देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकीचे ठरले, आणि पानंच्या पानं देवाशी भांडणारा बरोबर ठरला. मला हे वाचून आजही धीर येतो.

आता योएल. वचन खरं आहे, त्यात शंका नाही. पण 2:25 सांगणाऱ्यांनी पहिला अध्याय वाचलेला नसतो. 1:8 काढून बघा. तरुणपणच्या नवऱ्यासाठी कंबरेला गोणपाट गुंडाळून शोक करणारी स्त्री, तिच्यासारखा शोक करा, असं संदेष्टा सगळ्या लोकांना सांगतो. भरून देण्याचं वचन त्या रडण्याच्या नंतर येतं, रडणं थांबवायला येत नाही. ताई, त्या पुस्तकात तुमच्यासारखीचं दुःख अख्ख्या देशाला उदाहरण म्हणून दाखवलंय, आणि आपण तिलाच म्हणतो, रडू नका, वर्षं परत येतील.

शिवाय तिथे ‘भरून देईन’ यासाठी जो मूळ इब्री (हिब्रू) शब्द आहे, त्याचं नातं ‘शालोम’शी आहे. शालोम म्हणजे शांती खरी, पण नुसती गडबड नसणं एवढाच त्याचा अर्थ नाही. काही उणं नसणं, तुटलेलं पुरं होणं, हे त्यात आहे. टोळांनी खाल्लेलं धान्य तेच पुन्हा कणसात येत नाही. नवीन पाऊस पडतो, नवीन पेरणी होते, खळी भरतात. गेलेलं वर्ष कॅलेंडरवर परत येत नाही. देवाने तसं कधी म्हटलेलंही नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर तुम्हाला एवढ्या ठामपणे सांगितलं नसतं. 1998 साली आमची मोठी मुलगी मेंदूज्वराने गेली. सहा वर्षांची होती. तापाचा चौथा दिवस, पहाटेची वेळ. दोन वर्षांनी मुलगा झाला, आणि बारशाला आलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी मोठ्या प्रेमाने म्हटलं, ‘बघा, देवाने परत दिलं.’ माझी बायको बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती शांतपणे म्हणाली, ‘हा तिच्या बदल्यात नाही आलेला. हा हा आहे.’

त्या रात्री मी ईयोबाचा शेवटचा अध्याय पहिल्यांदा नीट वाचला, असं म्हटलं तरी चालेल. तोवर त्यावर निदान दहा संदेश दिलेले होते. देवाने ईयोबाला सगळं दुप्पट दिलं असं आपण सांगतो. हिशेब करून बघा. 7,000 मेंढरांची 14,000 झाली, 3,000 उंटांचे 6,000, बैलांच्या 500 जोड्यांच्या 1,000, गाढवीही तशाच दुप्पट. आणि मुलं? आधी सात मुलगे आणि तीन मुली होत्या, नंतरही सात आणि तीनच. दुप्पट नाहीत. बायबलचे जुने अभ्यासक म्हणत आलेत की पहिली दहा हरवलेलीच नव्हती, ती देवाजवळ होती, म्हणून एकूण वीस झाली. मला ते पटतं. त्याहून जास्त पटतं ते हे की माणसाची भरपाई माणसाने होते असं पवित्र शास्त्र म्हणत नाही. मेंढरं मोजता येतात. लेक मोजता येत नाही, नवराही नाही. त्याच अध्यायात दुसऱ्या वेळच्या तिन्ही मुलींची नावं दिली आहेत, यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक, आणि बापाने त्यांना भावांबरोबर वारसा दिला असंही नोंदवलंय. त्या काळी मुलींना असा वाटा सहसा मिळत नसे. मला नेहमी वाटतं, ज्या बापाने मुली गमावल्या त्याचा हात नंतर असा उघडा झाला. हे माझं वाटणं आहे, वचनात तसं कारण लिहिलेलं नाही.

मुलगी गेल्यानंतर दुसऱ्याच रविवारी मी उपासना चालवायला उभा राहिलो. लोकांनी नको म्हटलं होतं, मी हट्ट केला. गीत झालं, वाचन झालं. मग प्रभूची प्रार्थना. ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही’ इथपर्यंत आलो आणि पुढचे शब्द तोंडातून निघेनात. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ एवढंच म्हणायचं होतं. वेदीचा कठडा धरून उभा राहिलो. एक क्षणभर सगळं शांत झालं, आणि मग मागच्या बाकांवरून बायकांचा आवाज आला, त्यांनी ते वाक्य म्हटलं, मग सगळ्यांनी. प्रार्थना माझ्याशिवाय शेवटपर्यंत गेली. आमेनसुद्धा मी म्हटलं नाही. ते त्यांनी माझ्या वतीने म्हटलं.

विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातलं वचन तुम्हाला पाठ असेल. ‘ती रोज सकाळी नवी होते, तुझे सत्य थोर आहे.’ इथे मराठीत ‘सत्य’ आलंय, मूळ शब्द आहे ‘एमुना’, म्हणजे विश्वासूपणा, ढळत नाही असं काहीतरी. आपला ‘आमेन’ त्याच धातूतून आला. आणि हा एमुना शब्द बायबलच्या सुरुवातीला एका अगदी साध्या प्रसंगात भेटतो. निर्गमाचं पुस्तक, 17वा अध्याय, अमालेकी लोकांशी लढाई. मोशे टेकडीवर हात वर करून उभा आहे, हात भरून आलेत. तेव्हा अहरोन आणि हूर त्याच्याखाली एक धोंडा ठेवून त्याला बसवतात आणि दोन बाजूंनी दोघे त्याचे हात धरून ठेवतात. ‘त्याचे हात सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले.’ तो ‘स्थिर’ म्हणजे एमुना. मोशेच्या दंडांत बळ उरलं नव्हतं. हात स्थिर होते ते दुसऱ्यांनी धरले म्हणून.

तुम्ही विचारलंत ना, कशाच्या जोरावर म्हणू? तुमच्या जोरावर म्हणायचंच नाही, ताई. तो जोर तुमच्याकडून कुणी मागितलेला नाही. देवाचा विश्वासूपणा तुमच्या विश्वासाच्या वजनावर तोललेला नाही. ज्या दिवशी तुमच्या तोंडून प्रार्थना निघत नाही, त्या दिवशीही तो तेवढाच विश्वासू असतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तर पौल लिहितो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. तुमचं रात्रीचं ते उशीत तोंड खुपसून कण्हणं, ज्याला तुम्ही ‘प्रार्थना बंद पडली’ म्हणता, त्याला पौल प्रार्थनेतच धरतो.

विलापगीताविषयी आणखी थोडं सांगू द्या, कारण आपल्या मंडळ्यांत हे पुस्तक फार कमी वाचलं जातं. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, त्यानंतरची ही पाच गीतं. यातली पहिली चार इब्री वर्णमालेच्या क्रमाने बांधली आहेत, 22 अक्षरं, एकेका अक्षराने सुरू होणारी कडवी. तिसऱ्या गीतात तर प्रत्येक अक्षराला तीन-तीन, एकूण 66 वचनं. दुःख एवढं मोठं की रडायलाही काहीतरी चौकट लागली असावी, अ पासून ज्ञ पर्यंत सगळं रडून घेतल्यासारखं. ‘तुझे सत्य थोर आहे’ हे वचन साधारण या सगळ्याच्या मध्यावर येतं. आपण ते कापून काढतो, फ्रेम करून भिंतीवर लावतो. पण पुस्तक तिथे थांबत नाही. पुढे पुन्हा रडणं आहे. पाचव्या गीतात अक्षरांचा क्रमही सुटतो, आणि शेवटचं वचन म्हणजे तू आम्हाला अगदीच टाकलंस का, असा प्रश्न आहे. देवाच्या विश्वासूपणाची एवढी थोर कबुली देणारा माणूस दोन अध्यायांनी पुन्हा तोच प्रश्न विचारतो आणि पवित्र शास्त्रात त्याला जागा मिळते. तुम्ही रविवारी ते वचन म्हणता आणि बुधवारी रात्री भांडता, यात ढोंग नाही.

म्हणून माझी विनंती आहे की उद्यापासून प्रार्थनेत छान काही बोलायचा प्रयत्न सोडा. स्तोत्र 13 उघडा आणि ते मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत. ‘किती काळ’ हा प्रश्न त्यात चार वेळा येतो. ज्या दिवशी तेही जड वाटेल त्या दिवशी स्तोत्र 88. ते अंधाराशीच संपतं, शेवटी स्तुती नाही, आशेची ओळ नाही. हे स्तोत्र संग्रहात ठेवणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो. मुलगी गेली त्या वर्षी मला ते एकच वाचता येत होतं.

तुम्ही लिहिलंय की तीन-चार तासांच्या वर झोप लागत नाही आणि जेवण एकवेळचंच आहे. हे ओझरतं लिहिलंत, पण मला ते महत्त्वाचं वाटलं. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवाने त्याला संदेश दिला नाही. देवदूताने त्याला हलवून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली. तो जेवला आणि पुन्हा झोपला. परत उठवलं, परत भाकर. देवाचा आवाज त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, होरेब डोंगरावर ऐकू आला. तेव्हा कृपा करून या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, झोपेविषयी सांगा, त्यांनी समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं तर जा. त्यात अविश्वास नाही. माझी बायको आठ महिने जात होती, आणि मी बाहेर बाकावर बसून राहायचो.

केडगावला तुम्ही महिला मंडळाच्या सहलीत गेला असाल. दौंडच्या गाडीने तासाभराचा रस्ता. तिथे गेलं की पंडिता रमाबाईंचं काम किती मोठं हे सगळे सांगतात, त्यांनी किती गमावलं हे फारसं कुणी सांगत नाही. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात, रस्त्यावरच्या वणवणीत आई, वडील आणि मोठी बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होण्याआधी, 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात तान्ही मुलगी. पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणि विधवा गोळा करून आणल्या आणि त्यांच्यासाठी केडगावला घर उभं राहिलं. त्यांचे आईवडील त्यांना परत मिळाले नाहीत. पण ज्या वाटेवर ते गेले तसल्याच वाटेवरून किती मुली जिवंत घरी आल्या. इथे एक खबरदारी घेतो. ‘यासाठीच देवाने आईवडिलांना नेलं’ असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हाला कुणी तसं सांगू लागलं तर ऐकू नका. दुष्काळ वाईटच होता. देव त्या वाईटापाशी थांबला नाही, एवढंच मला दिसतं. आणि त्यानंतरही रमाबाईंचं आयुष्य गोड शेवटाच्या गोष्टीसारखं झालं नाही. तीच मुलगी, मनोरमा, कामातला त्यांचा उजवा हात, 1921 मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामाला लागलेल्याच राहिल्या, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या.

तेव्हा भरून देणं या आयुष्यात पुरं होतं असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. थोडं इथे होतं. बाकीचं पुनरुत्थानावर आहे. ही पळवाट नाही, आपल्या विश्वासाचा पायाच तो आहे. तुमचे यजमान आठवण म्हणून उरले आहेत असं ख्रिस्ती मनुष्य मानत नाही. ते प्रभूजवळ आहेत आणि शरीरासह उठवले जातील, हे आपण दर रविवारी मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत म्हणतो. ज्या माणसाचा चेहरा तुम्हाला शेवटी बघू दिला नाही, तो चेहरा. थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो ते नीट वाचा. आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका, असं तो म्हणतो. खेदच करू नका, असं म्हणत नाही.

मुलाबद्दल. त्याला उपासनेला ओढून आणू नका. येशूचा शिष्य थोमा याने प्रभूच्या पुनरुत्थानाची बातमी ऐकून साफ सांगितलं, बोट घालून बघितल्याशिवाय मी मानणार नाही. त्यानंतर आठ दिवस तो विश्वास न ठेवताच बाकीच्या शिष्यांबरोबर राहिला. त्यांनी त्याला घराबाहेर काढलं नाही, वादही घातल्याचं लिहिलेलं नाही. आठ दिवसांनी प्रभू आला आणि त्याने थोमाला जखमा दाखवल्या. उठलेल्या शरीरावर खिळ्यांचे व्रण तसेच होते. तुमच्या मुलाचा राग बापावरच्या प्रेमातून आलाय. त्याला जेवायला वाढा, त्याच्या बापाच्या गोष्टी सांगा, रडू आलं तर त्याच्यासमोर रडा. आमेन म्हणायला सध्या मंडळी आहे.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, 5:10 ला, एक वचन आहे. थोडा वेळ दुःख सोसल्यावर देव तुम्हाला ‘पूर्ण, दृढ व सबल करील’. तिथे ‘पूर्ण करील’ यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, तेच मत्तय 4:21 मध्ये आलंय, जिथे याकोब आणि योहान बापाबरोबर तारवात बसून जाळी नीट करतायत. पेत्र कोळी होता, हा शब्द त्याच्या हातातला. जाळं फाटलं म्हणून कुणी फेकत नसे. मांडीवर घेऊन, फाटलेली जागा बोटांनी चाचपून, दोऱ्याने विणून काढत. तुमच्या यजमानांनी माझ्या काळ्या कोटाच्या बाहीला रफू केलं होतं, 2016 की 17 साली. उजेडात धरलं तर अजून दिसतं कुठे फाटला होता ते. गेल्या नाताळला मी तोच कोट घातला होता.

मशीनवरची चादर काढायची घाई करू नका. कुणी ‘आता विकून टाका’ म्हणालं तर तेही ऐकू नका. तुमचं मन होईल तेव्हा काढा, आणि मन झालं नाही तर राहू द्या.

आमची मुलगी गेली तेव्हा मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई सव्वा महिना रोज संध्याकाळी चालत यायच्या. स्टीलच्या दोन पुड्यांच्या डब्यात मऊ भात आणि वर तुपाचा गोळा. आत यायच्या, डबा ओट्यावर ठेवायच्या, कालचा रिकामा घ्यायच्या, थोडा वेळ माझ्या बायकोचा हात हातात घेऊन बसायच्या. वचन म्हणाल्या नाहीत, प्रार्थनाही केली नाही. कधीकधी म्हणायच्या, ‘गरम आहे तोवर खा.’

मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्ही दोघं तुमच्याकडे येतो. बायको मऊ भात करून आणणार आहे. बायबल पिशवीत असेल, तुम्ही म्हणालात तर काढीन.